वळणावरचं स्थानक

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर नकाशा दाखवता येत नाही. तेव्हा डोळ्यांपुढे केसात खोवायची साधी आकडी आणा. तिचे दोन सरळ पाय म्हणजे रेल्वेचे दोन रूळ, एक जाणारा, एक येणारा. आणि हे दोन पाय जिथे गोल वळून एकमेकांना मिळतात, बरोबर त्या वळणावर एक फलाट आहे. एकच. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं हे सिटी हॉल, म्हणजे महापौरांच्या कचेरीजवळचं, स्थानक. आज मी बोलणार आहे ते या वळणाबद्दलच.

न्यूयॉर्कला भुयारी रेल्वे तशी उशिराच आली. लंडनची 1863 सालची, आणि अमेरिकेतसुद्धा बॉस्टननं 1897 मध्ये बाजी मारली होती. न्यूयॉर्ककर तोवर रस्त्यावरच्या ट्रामनं आणि लोखंडी खांबांवरून धावणाऱ्या उन्नत गाड्यांनी फिरत होते. मार्च 1888 मध्ये असं हिमवादळ आलं की सगळं शहर ठप्प झालं, आणि जमिनीखालून जाण्याची चर्चा जोर धरू लागली. एक गमतीचा प्रयोग मात्र त्याआधीच झाला होता. 1870 साली आल्फ्रेड बीच नावाच्या गृहस्थानं, याच सिटी हॉलसमोर, ब्रॉडवेखाली साधारण 95 मीटरचा बोगदा खणून प्रचंड पंख्याच्या वाऱ्यानं एक डबा ढकलून दाखवला. त्याच्या प्रतीक्षागृहात पियानो होता, कारंजं होतं. गाडी कुठेच पोचत नव्हती, तरी लोक तिकीट काढून बसत! पण पुढे पैसा उभा राहिला नाही आणि बोगदा बंद पडला.

खरं काम सुरू झालं 24 मार्च 1900 रोजी, सिटी हॉलच्या दारातच. मुख्य अभियंते विल्यम बार्कले पार्सन्स, पैसा उभा करणारे ऑगस्ट बेलमाँट. पद्धत सोपी होती, पण रहिवाशांचा जीव मेटाकुटीला आणणारी: रस्ता वरून उकरायचा, खाली पोलाद-काँक्रीटची लांबच लांब पेटी बांधायची आणि वर पुन्हा रस्ता घालायचा. त्यामुळेच न्यूयॉर्कची बरीच जुनी स्थानकं रस्त्याच्या अगदी पोटाशी आहेत. थोड्या पायऱ्या उतरलात की फलाट.

आता वळणाकडे येऊ. शेवटच्या स्थानकावर आलेली गाडी परत फिरवायची म्हणजे मोटरमननं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायचं, रूळ बदलायचे, तोवर मागची गाडी खोळंबणार. त्यापेक्षा रूळच गोल फिरवला तर? गाडी थांबते, माणसं चढतात-उतरतात आणि ती तशीच पुढे निघते. तोंड आपोआप उत्तरेकडे, म्हणजे परतीच्या दिशेला, झालेलं असतं. सिटी हॉलच्या बागेखाली हा गोल बसवला आणि त्याच गोलावर स्थानक बांधलं.

महापौरांच्या दारातलं स्थानक म्हटल्यावर थाटमाट आलाच. वास्तुरचना हाइन्स आणि लाफार्ज या जोडीची. छताचं काम मूळच्या स्पेनमधल्या राफाएल ग्वास्ताविनोच्या कंपनीकडे. पातळ चपट्या विटा, एकावर एक थर, लवकर घट्ट होणारं सिमेंट, आणि त्यातून उभी राहणारी कमान; खालून लाकडांचा भारी आधार लागत नाही. हिरव्या आणि मातकट रंगाच्या फरश्यांच्या पट्ट्या कमानीमागून कमान वळत जातात, मध्ये पितळी झुंबरं, आणि छतात रंगीत काचेची गवाक्षं, ज्यातून बागेतला उजेड खाली उतरायचा. पायऱ्या उतरून आधी घुमटाखालचं तिकिटांचं दालन आणि मग फलाट. माझ्या मते या स्थानकाची सगळी शोभा त्या वळणाची आहे. सरळ फलाटावर कमानी एका रांगेत मागे पडत जातात. इथे मात्र त्या डोळ्यांसमोर वळतात, आणि पुढची कमान दिसेपर्यंत उत्सुकता राहते.

27 ऑक्टोबर 1904 ला पहिली गाडी इथूनच सुटली. 28 स्थानकं, 9.1 मैलांचा मार्ग, तिकीट 5 सेंट. महापौर जॉर्ज मॅकलेलन यांनी नुसता मान म्हणून गाडी चालवायची चांदीची मूठ हातात घ्यायची आणि लगेच मोटरमनकडे सोपवायची, असं ठरलं होतं. पण साहेबांना गंमत वाटली, त्यांनी मूठ सोडलीच नाही. थेट 103व्या रस्त्यापर्यंत गाडी त्यांनीच नेली. संध्याकाळी सातला सर्वसामान्यांसाठी दारं उघडली आणि त्या एका रात्रीत लाखाहून जास्त लोकांनी प्रवास केला. ते 5 सेंटांचं तिकीट पुढे 1948 पर्यंत टिकलं.

स्थानक मात्र तितकं टिकलं नाही. गर्दी वाढली, गाड्या लांबल्या, पाच डब्यांवरून दहा डब्यांवर गेल्या. इतर ठिकाणी फलाट वाढवता आले. या वळणावर वाढवायला जागाच नव्हती. त्यात नव्या डब्यांना मधोमधही दारं आली. धनुष्य आठवा. दोरीची टोकं धनुष्याला टेकतात, मध्ये मात्र अंतर राहतं. डबा म्हणजे ती सरळ दोरी, फलाट म्हणजे वाकलेलं धनुष्य. जुन्या डब्यांची दारं टोकांना, म्हणून चालून गेलं. मधलं दार उघडलं की पुढे पाय घसरेल अशी फट. युनियन स्क्वेअर या दुसऱ्या स्थानकात अशा फटीवर सरकत्या लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत. इथे तेवढा खर्च करण्याइतके प्रवासी तरी कुठे होते? हाकेच्या अंतरावर ब्रुकलिन ब्रिज स्थानक होतं. तिथे जलद गाड्याही मिळत, मग इथे कोण थांबणार? शेवटी शेवटी दिवसाला सुमारे 600 माणसं यायची. 31 डिसेंबर 1945 ला फलाट बंद झाला. गवाक्षांवर तर युद्धकाळातच काळं डांबर फासलं होतं.

फलाट बंद झाला, वळण नाही. सहा नंबरची लोकल आजही ब्रुकलिन ब्रिजला शेवटचा थांबा घेते आणि परत फिरण्यासाठी त्याच आकडीतून जाते. गाडीत बसून राहणाऱ्यांना, काचेला नाक लावलं तर, त्या हिरव्या कमानी क्षणभर दिसतात. वेग अगदी कमी असतो, चाकं रुळावर किरकिरतात, आणि मिनिटभरात गाडी पलीकडच्या फलाटाला लागते, उत्तरेकडे तोंड करून.