कच्चं मडकं आणि विठ्ठलाचं उत्तर

श्रोतेहो, देवाच्या मार्गदर्शनावर बोलणारे बहुधा विश्वासापाशी थांबतात. मला त्याच्या पुढच्या, जरा अवघड भागाविषयी बोलायचं आहे. ‘देवा, वाट दाखव’ असं आपण मनापासून म्हणतो आणि मग उत्तराची वाट पाहतो. स्वप्नात काही दिसेल, मनात एकदम लख्ख होईल, अडलेलं काम आपोआप सुटेल. आणि नेमकं त्याच दिवसांत जवळचं कुणीतरी सांगतं, ‘तुमचं हे चुकतंय.’ ते कानावर पडतं, पण आपल्या प्रार्थनेचं ते उत्तर असेल असं मनातही येत नाही. माझं म्हणणं असं, की पुष्कळदा तेच उत्तर असतं. देव वाट दाखवतो ती बहुतेक वेळा आपली चूक दाखवून, आणि तीही दुसऱ्या माणसाच्या तोंडून.

याला माझ्यासमोरचा सर्वांत मोठा आधार म्हणजे नामदेवमहाराज. परंपरेनं त्यांचा जन्म १२७० सालचा. घराणं शिंप्याचं, वडील दामाशेट, आई गोणाई. लहानपणी ज्यांच्या हट्टापुढे विठ्ठलानं नैवेद्य खाल्ला, अशी त्यांची ख्याती. देवाशी बोलणारा, देव ज्याच्याशी बोलतो असा हा भक्त. मार्गदर्शनाची ज्याला कधी उणीव भासली नसेल असा माणूस शोधायचा, तर तो हाच.

आता ती प्रसिद्ध कथा. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, ‘काका, हे काय?’ मडकं पक्कं की कच्चं ते यानं कळतं, असं गोरोबा म्हणाले. ‘मग आमच्यातलं कोणतं मडकं कच्चं आहे ते सांगा ना!’ गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली आणि ते चिडले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं आहे.

त्या प्रसंगात कोण काय होतं ते पाहा. सुचवणारी मुक्ताबाई, सगळ्यांत धाकटी, अगदी कोवळ्या वयाची मुलगी. निकाल देणारा कुंभार. शास्त्रार्थ नाही, चर्चा नाही, आणि तेही चारचौघांत. तुमच्या-माझ्या बाबतीत असं झालं असतं तर काय झालं असतं? नामदेवांचंही तेच झालं. ते दुखावले आणि थेट पंढरपूरला विठ्ठलाकडे गेले. माझा अपमान झाला, मला कच्चा म्हणाले, तूच सांग.

माझ्या मते संपूर्ण कथेचा प्राण इथे आहे. देवाला भक्ताची बाजू घेता आली असती. ज्याचा नैवेद्य प्रत्यक्ष खाल्ला त्याची समजूत काढायला किती वेळ लागणार होता? पण विठ्ठल म्हणाला, गोरोबा म्हणाले ते खरं आहे. तुला गुरू नाही. औंढा नागनाथला विसोबा खेचर आहेत, त्यांच्याकडे जा.

आपण देवाकडे जातो तेव्हा बहुतेक वेळा वकील शोधायला जातो. आपलं मत आधीच ठरलेलं असतं, देवानं त्यावर सही करावी एवढीच अपेक्षा असते. अशा वेळी देव गप्प राहिला की आपण म्हणतो, देवानं सोडलं. नामदेवांना तर गप्प राहण्याहून कठीण उत्तर मिळालं: जे तुला टोचलं, ते माझंच होतं. आणि नामदेव उठले आणि निघाले. त्या दिवशीचा त्यांचा विश्वास मला नैवेद्याच्या प्रसंगातल्या विश्वासाहून मोठा वाटतो. तिथे देवानं त्यांचं ऐकलं होतं, इथे त्यांनी देवाचं ऐकलं.

औंढ्याला पोचल्यावरही सगळं सुरळीत झालं नाही. देवळात पाहतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. शिकायला आलेल्या नामदेवांनी पहिलं काम कोणतं केलं? गुरूचीच चूक काढली. विसोबा म्हणाले, बाबा, मी थकलोय, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय फिरवत गेले आणि जिथे ठेवावेत तिथे पिंड. पंढरपूरच्या विटेवरचा देव इतरत्रही आहे, हे त्यांना तेव्हा उमगलं. कच्चेपणा कुठे होता तेही तिथे कळतं. भक्ती कमी नव्हती. देव एकाच जागी आहे आणि तो माझा आहे, एवढीच ती आखूड होती.

या कथेतला आणखी एक धागा कीर्तनातून फारसा पुढे येत नाही, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. नामदेवांना सुधारणारे हे दोघे स्वतः कोण होते? विसोबा हे ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांचे एके काळचे कडवे विरोधक. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारांना मना केलं होतं. ज्ञानेश्वरांनी योगबळानं आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, ते पाहून विसोबा शरण आले. आणि गोरोबा? भजनात तल्लीन होऊन माती तुडवताना त्यांच्या पायाखाली त्यांचं स्वतःचं मूल आलं, अशी कथा आहे. भान नसलेली भक्ती काय करू शकते हे त्या घराला ठाऊक होतं. ‘सांगणारा कोणता मोठा साधू लागून गेलाय?’ हा आपला नेहमीचा बचाव या कथेत टिकत नाही. ज्याला स्वतःची चूक एकदा खोल कळलेली असते, तोच दुसऱ्याची चूक नेमकी ओळखतो. सांगणाऱ्याचा दाखला मागत बसण्यापेक्षा सांगितलेलं खरं आहे का, एवढं तपासावं.

आता कुणीही विचारेल, मग जो कोणी आपल्याला चुकीचा ठरवेल त्याचं ऐकायचं का? नाही. देवाच्या नावानं माणसांना गप्प बसवणारे पूर्वीही होते, आजही आहेत. तुकारामांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्या, त्यामागे रामेश्वर भट्टांचा आदेश होता असं परंपरा सांगते. तीही ‘दुरुस्ती’च होती. पण गोरोबांच्या निकालानं नामदेवांना पुढे शिकायला धाडलं, आणि हा आदेश तुकारामांची वाणी बंद करायला निघाला होता. मी हा फरक फार महत्त्वाचा मानतो. देवाकडून आलेली सुधारणा झोंबते, पण तिच्यानंतर माणसाला पुढचं पाऊल दिसतं. जी फक्त तुडवते, ‘तुझी लायकीच नाही’ म्हणून थांबते, ती देवाच्या माथी मारू नये.

तरीही तुकारामांनी त्या अन्यायातून काय घेतलं ते पाहण्यासारखं आहे. तेरा दिवस ते अन्नपाणी सोडून देवाच्या दारी बसले. वह्या तरल्या, देव धावला. अशा वेळी दुसरा कुणी विजयाचा डंका पिटत गावभर फिरला असता. तुकारामांनी लिहिलं, ‘थोर अन्याय केला, तुझा अंत म्यां पाहिला, जनाचिया बोलासाठी चित्त क्षोभविलें.’ लोकांच्या बोलण्यापायी मी तुला वेठीला धरलं, हे माझं चुकलं. समोरचा चुकला होता, आणि तरी त्यांनी आपला वाटा शोधला, कुणी मागितला नसताना. पुढे रामेश्वर भट्टही त्यांचे भक्त झाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कुणाच्या घरी मृत्यू झाला, आजार आला, पीक बुडालं, की ‘देव तुम्हाला शिकवतोय’ असं सांगणारी माणसं भेटतात. कृपा करून असं कुणाला म्हणू नका. दुःखातून काय शिकायचं हे ज्याचं त्याला, त्याच्या वेळेनं कळेल किंवा कळणारही नाही. आपण तिथे जवळ बसावं, हात धरावा. सुधारण्याचा अधिकार आधी प्रेमानं मिळवावा लागतो. मुक्ताबाईनं ज्ञानेश्वरांना समजावलं ते आठवा. कुणीतरी केलेल्या अपमानानं व्यथित होऊन ते ताटी लावून आत बसले, तेव्हा ही धाकटी बहीण दाराशी उभी राहून विनवत होती, ‘विश्व रागें झाले वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी.’ थोरल्या भावाची, तेही ज्ञानेश्वरांची, चूक तिनं दाखवली. पण प्रत्येक अभंगाच्या शेवटी ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ एवढीच विनंती. त्यांनी उघडली.

विश्वास आणि सुधारणा यांचा संबंध मला असा दिसतो. ज्याला वाटतं की देवाचं प्रेम आपल्या निर्दोषपणावर टिकून आहे, तो चूक कबूल करूच शकत नाही. कबूल केली तर सगळंच जाईल अशी त्याला भीती असते. म्हणून तो भांडतो, कारणं देतो, सांगणाऱ्याचा दोष काढतो. ज्याला आतून खात्री आहे की धरलेला हात सुटणार नाही, त्याला ‘हो, चुकलं’ म्हणणं परवडतं. घरात मुलगा बोलतो, सून बोलते, हाताखालचा माणूस चाचरत काही सुचवतो, तेव्हा आपण लगेच उत्तर का देतो, हे तपासून पाहावं. त्या दिवशी उत्तर देऊ नये. राग ओसरू द्यावा, मग ते बोलणं देवापुढे ठेवावं आणि विचारावं, यात तुझं किती आहे? नामदेवांनी रागाच्या भरातही हेच केलं होतं. ते तक्रार घेऊन गेले खरे, पण गेले देवाकडे.

पुढे हेच नामदेव उत्तरेकडे गेले, पंजाबात घुमानला राहिले. शीखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. देव फक्त पंढरपुरात नाही हे औंढ्याला शिकलेल्या माणसाला परक्या मुलखात, परक्या भाषेत देव गाता आला.

तुकारामांचा ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती’ हा अभंग आपण सगळे गातो. पहिल्या चरणात देव हाताला धरून चालवतो, तिथे आपण डोळे मिटून रेंगाळतो. तिसरा चरण घाईत उरकला जातो: ‘बोलों जातां बरळ करिसी तें नीट.’ मी भलतंच बोलायला जातो आणि तू ते सरळ करतोस. त्याला लागूनच ‘नेली लाज, धीट केलों देवा.’ आणि लगेच पुढच्या चरणात, ‘अवघे जन मज झाले लोकपाळ, सोइरे सकळ प्राणसखे.’ बोलणं सुधारून घेतलेल्या माणसाला त्यानंतर सगळे लोक रक्षणकर्ते वाटू लागले, सोयरे वाटू लागले. त्या सगळ्यांत त्याला बोल लावणारेही आले.