वेगळं निघताना

श्रोतेहो, नमस्कार.

भावकीत वाटणी झाली की शेतात बांध एका दिवसात पडतो. विहीर मात्र सामाईक राहते, आणि पुढं भांडणं होतात ती पाण्याच्या पाळीवरून. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांचं ऐकलं की मला तीच विहीर आठवते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ही दोन गावं आणखी नऊ गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. तसा शहराचा कचरा त्यांच्याकडे कित्येक वर्षं आधीच येऊन पडत होता! लोकांना वाटलं, आता निदान नळाला पाणी येईल. आधी आलं ते मिळकतकराचं बिल. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दरानं, मग दरसाल चढतं. दारात टँकर तोच, बिल तेवढं शहराचं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये गावं बाहेर काढायचं ठरलं आणि अंतिम अधिसूचना निघायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. आता तिथं स्वतंत्र नगरपरिषद आहे.

पाटी बदलायला रंगाचा एक डबा पुरतो. पण अर्धी टाकलेली जलवाहिनी कुणाची? थकलेला कर कोण वसूल करणार? ग्रामपंचायतीतून महापालिकेत गेलेल्या शिपायानं सोमवारी कुठल्या कचेरीत हजेरी लावायची?

कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यांतली १८ काढायचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयानं रद्द केला. माहेर-सासर तरी इतक्या वेळा होत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात २००८ मध्ये १५७ परिषदा, म्हणजे आपल्या नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्था, एकत्र करून त्यांच्या ७३ केल्या. लोक चिडले. ९ मार्च २०१३ ला चार ठिकाणी थेट मतदान घेतलं, आणि अट आधीच सांगितली: वेगळं व्हायचं तर खर्च तुमचा. तरीही चारही ठिकाणी लोकांनी वेगळं होण्याचा कौल दिला; त्यांतल्या नूसामध्ये तर शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांनी. आपल्याकडे हरकती-सूचना मागवतात. गावकऱ्यांचं मतदान नाही, आणि खर्चाचा आकडाही कुणी चावडीवर लावत नाही.

तुमचं गाव या रांगेत असेल, तर मोर्चाच्या आधी एक काम करा. पाण्याची टाकी ज्या जागेवर उभी आहे, तिचा सातबारा काढून आणा.

नमस्कार.