मांडव कुणी घालायचा?

[दृश्य: वाराबी स्टेशनबाहेरचा रस्ता. पुढे उंच इमारतींची रांग.]

टोकियोच्या उत्तरेला सायतामा प्रांतात कावागुची शहर आहे. वाराबी स्टेशनवर उतरून दहाएक मिनिटं चाललं की पंधरा मजली इमारती समोर येतात. ही शिबाझोनो दांची. दांची म्हणजे भाड्याच्या घरांची मोठी वसाहत. ही १९७८ साली उभी राहिली. त्याआधी या जागेवर रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना होता आणि शिंकानसेनचे, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचे, अगदी सुरुवातीच्या काळातले डबे इथून बाहेर पडले. आज इथे घरं जवळपास अडीच हजार, माणसं पाच हजारांच्या आसपास. त्यातली निम्म्याहून जास्त परदेशी, आणि त्यांत बहुसंख्य चिनी.

असं का झालं, याचं उत्तर अगदी व्यवहारातलं आहे. जपानमध्ये परदेशी माणसाला खासगी घर भाड्यानं मिळणं कटकटीचं. जामीनदार आणा, घरमालकाला कधीच परत न मिळणारी 'रेइकिन' द्या, आणि एवढं करून 'परदेशी भाडेकरू नकोत' हेही ऐकून घ्या. न्याय मंत्रालयानं २०१७ साली जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांनी असा नकार ऐकल्याचं सांगितलं होतं. या दांची चालवणारी 'यूआर' ही निमसरकारी संस्था मात्र जामीनदार मागत नाही, रेइकिन घेत नाही. उत्पन्न दाखवा, घर घ्या. मग एक चिनी इंजिनिअर आला, त्यानं मित्राला सांगितलं, मित्रानं मेव्हण्याला.

[दृश्य: दांचीच्या मधलं मोकळं आवार. बाकांवर बसलेली वयस्कर मंडळी.]

अडचण देशाची होती तेवढीच वयाची होती. जपानी रहिवासी बहुतेक सगळे म्हातारे. तरुणपणी इथे आले आणि इथेच राहिले. चिनी रहिवासी तिशीतले, कडेवर लहान मूल, सकाळी ऑफिसला पळणारे. यांची गाठ पडणार कुठे? लिफ्टमध्ये. आणि तिथे दोघंही मजल्यांचे आकडे बघत उभे.

ओळख नसली की तक्रारी आधी येतात. वरच्या मजल्यावर पोरं धावतात, रात्री उशिरापर्यंत खाली गप्पा चालतात, जिन्यात फोडणीचा वास येतो, आणि कचरा चुकीच्या दिवशी चुकीच्या जागी पडतो. जपानमध्ये कचऱ्याचा विषय हलका समजू नका. जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिकच्या बाटल्या वेगळ्या, काच वेगळी, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. पिशवी सकाळी आठच्या आत ठेवायची, कावळ्यांनी फाडू नये म्हणून वर जाळी ओढायची. चुकीची पिशवी गाडीवाले उचलत नाहीत. कागद चिकटवून ती तिथेच ठेवतात, सगळ्यांना दिसेल अशी.

२०१०च्या आसपास हे भांडण दांचीच्या बाहेर गेलं. मासिकांत खमंग लेख आले, परदेशी लोकांविरुद्ध घोषणा देणारे गट येऊन गेले. आवारात झाडांखाली लाकडी टेबलं होती. त्यांच्यावर कुणीतरी 'चिन्यांनो, परत जा' अशा अर्थाचा मजकूर लिहून ठेवला होता. लोक रोज त्याच टेबलांवर डबा खात होते.

२०१५ साली काही विद्यापीठांतली मुलं इथे आली. 'शिबाझोनो काकेहाशी प्रोजेक्ट' हे त्यांच्या गटाचं नाव. त्यांनी भाषणं ठेवली नाहीत. रंगाचे डबे आणले आणि जपानी-चिनी सगळ्यांना खाली बोलावलं. पोरांनी, आयांनी, आजोबांनी रंगात तळवे बुडवले आणि टेबलांवर ठसे उमटवले. तो मजकूर ठशांखाली गेला.

[दृश्य: रंगीत ठशांचं टेबल, जवळून. एका छोट्या पंजावर अर्धा चढलेला मोठा पंजा.]

पुढे नियमित भेटी सुरू झाल्या. कधी ज्यानं त्यानं घरून आणलेलं जेवण, कधी सुलेखन, कधी ताई-ची. वसाहतीच्या रहिवासी संघाला, म्हणजे तिथल्या 'जिचिकाई'ला, २०१७ साली जपान फाउंडेशनचा पुरस्कारही मिळाला. इथे पडदा टाकला तर गोष्ट गोड होते. पण तसं केलं तर या वसाहतीची निम्मीच हकीगत सांगितल्यासारखं होईल.

कारण ऑगस्ट येतो, आणि ऑगस्टमध्ये दांचीचा उन्हाळी उत्सव असतो. आवाराच्या मधोमध 'यागुरा' उभा राहतो. यागुरा म्हणजे लाकडी मंच. त्यावर ढोल ठेवतात आणि भोवती फेर धरून लोक नाचतात. गर्दी होते, आणि त्या गर्दीत चिनी कुटुंबं भरपूर. मुलं नाचतात, बाप फोटो काढतात, नूडल्सच्या टपरीपुढे रांग लागते. जपानी म्हाताऱ्यांचा सल नेमका इथे आहे. यागुराचे खांब उन्हात उभे करायचे त्यांनी, टेबलं वाहायची त्यांनी, उत्सव संपल्यावर सगळं उतरवायचंही त्यांनीच. सत्तरीच्या, पंचाहत्तरीच्या माणसांनी. आणि मजा करायला सगळे.

आपल्या सोसायटीच्या गणपतीत हे भांडण कुणी पाहिलं नाही असं होणारच नाही. मांडवाला चार जण, आरतीला चाळीस, आणि प्रसादाला चारशे.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. यागुराच्या बैठकीची चिठ्ठी जपानीत निघते. बैठक होते तेव्हा चिनी बाप ऑफिसात असतो. दोन-चार वर्षांत तो स्वतःचं घर घेऊन दुसरीकडे जाणार, हे त्यालाही ठाऊक असतं. शिवाय जिचिकाईचं सभासद होणं सक्तीचं नाही. न विचारता मदतीला गेलं तर लुडबूड वाटेल, हीही भीती. जपानी आजोबा विचारत नाहीत, कारण सांगावं कशाला लागतं, दिसत नाही का? आणि चिनी बाप येत नाही, कारण कुणी सांगितलंच नाही. शिबाझोनोत काम केलेल्या लोकांचा सगळा वेळ या एका गाठीवर गेला आहे. सहलीला, जेवणाला माणसं येतात. खांब धरायला माणूस यावा यासाठी आधी कुणीतरी त्याचं दार वाजवावं लागतं.

[दृश्य: कोबे शहर, नागाता वॉर्ड. अरुंद गल्ल्या, बुटांचे छोटे कारखाने.]

आता पाचेकशे किलोमीटर पश्चिमेला जाऊ, कोबे शहरात. १७ जानेवारी १९९५, पहाटे पावणेसहा. भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. नागाता वॉर्डात भूकंपानंतर आग लागली आणि वस्तीच्या वस्ती जळाली. इथल्या बूट-चपलांच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कोरियन होते, आणि निर्वासित म्हणून आलेले व्हिएतनामी. व्हिएतनामी कुटुंबांना ध्वनिक्षेपकावरच्या सूचना कळत नव्हत्या. पाणी कुठे मिळतं, कुठे जायचं, काही कळत नव्हतं.

जपानला इथे एक जुनी, काळी आठवण आहे. १९२३च्या कांतो भूकंपानंतर कोरियन लोकांनी विहिरींत विष घातल्याची अफवा उठली आणि जमावांनी कोरियन माणसं ठार मारली. कोबेत तसं घडलं नाही. नागातातल्या ताकातोरी चर्चची इमारत जळाली होती. तिच्याच आवारात जपानी, कोरियन आणि व्हिएतनामी लोकांनी मदतीचं केंद्र उभारलं. नागातात कोरियन आणि व्हिएतनामी भाषेत रेडिओ सुरू झाला. वर्षभरानं, भूकंपाच्या पहिल्या स्मृतिदिनी, तो 'एफएम वाय-वाय' या नावानं परवानाधारक केंद्र झाला.

आणि चर्च? वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी जाड कागदाच्या ५८ नळ्या वापरून तात्पुरतं सभागृह आखलं आणि स्वयंसेवकांनी ते काही आठवड्यांत हातांनी उभं केलं. व्हिएतनामी कुटुंबांसाठी कागदी नळ्यांचीच छोटी घरं झाली. त्यांचा पाया होता वाळू भरलेले बिअरचे क्रेट. तात्पुरतं म्हणून बांधलेलं ते सभागृह दहा वर्षं टिकलं. २००५ साली ते सोडवून तैवानला पाठवलं, तिथल्या भूकंपग्रस्त भागासाठी, आणि तिथे ते पुन्हा उभं राहिलं.

परदेशी रहिवाशांना शेजारी मानून त्यांच्यासोबत काम करायचं, या विचाराला जपानमध्ये खरा जोर आला तो कोबेनंतर. आज गावोगावी आपत्तीची तालीम होते, तिच्यात परदेशी लोकांनाही बोलावतात. अग्निशामक नळकांडं कसं दाबायचं, शाळेच्या व्यायामशाळेत पुठ्ठ्याची खाट कशी जोडायची, मोठ्या पातेल्यात भात कसा शिजवायचा. माझ्या मते मैत्रीचा याहून चांगला कार्यक्रम जपानमध्ये नाही. कारण इथे पाहुणा कुणीच नसतो.

[दृश्य: सार्वजनिक सभागृहातली खोली. चार-पाच टेबलं, प्रत्येकाशी दोन-तीन माणसं.]

दुसरा कार्यक्रम असा, की त्याचे फोटो कधीच चांगले येत नाहीत. आठवड्यातून एकदा भरणारा जपानी भाषेचा वर्ग. शिकवणारे बरेचदा निवृत्त शिक्षक, गृहिणी, एखादे माजी बँक कर्मचारी. फी नाममात्र, किंवा नाहीच. पुस्तक उघडलेलं असतं, पण शिकणारी आई पर्समधून शाळेची चिठ्ठी काढते आणि तो तास त्या चिठ्ठीचा होतो. पोहण्याच्या दिवशी मुलाचा ताप मोजून कार्डावर लिहायचा आणि शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर मूल काठावर बसणार. एप्रिलमध्ये शाळेत 'झोकिन' द्यायचं. जुना टॉवेल दुमडून शिवलेलं फडकं, मुलं त्यानं वर्गाची फरशी पुसतात. टेबलापलीकडच्या बाई टॉवेल कसा दुमडायचा ते रुमालावर करून दाखवतात. जपानी भाषेच्या शिक्षणाला चालना देणारा कायदा संसदेनं २०१९ साली केला. ही टेबलं त्याच्या कितीतरी आधीपासून मांडलेली होती.

[दृश्य: निशी-कासाई स्टेशन. भारतीय किराणा, साडीवर जाकीट घातलेल्या आजी.]

आता आपल्या माणसांत. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा वॉर्ड, त्यात निशी-कासाई. २००० सालाच्या उंबरठ्यावर संगणकांच्या तारखांचा घोळ निस्तरायला भारतीय इंजिनिअर जपानला आले. तोझाई मेट्रोनं ओतेमाची, कायाबाचो इथली ऑफिसं थेट जवळ, आणि यूआरची घरं जामीनदाराविना. त्यांना घरं शोधून द्यायला, शाकाहारी जेवणाची सोय करायला पुढे आले जगमोहन चंद्राणी. चहाचे व्यापारी, १९७८पासून जपानात. त्यांनी इथल्या भारतीयांची संघटना उभी केली आणि दिवाळीचा मेळा सुरू झाला. आज त्या मेळ्यात जपानी बायका भारतीय नृत्य करतात आणि जपानी कुटुंबं सामोशांसाठी रांग लावतात. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणेशोत्सव होतो, लेझीम निघते.

छानच आहे. पण मेळा वर्षातून एकदा, आणि जिन्यातली चप्पल रोजची. निशी-कासाईतल्या तक्रारी शिबाझोनोसारख्याच होत्या. त्या ऐकून घ्यायला एक मराठी माणूस दांचीच्या जिचिकाईत जाऊन बसला. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक. दोन्हीकडचं ऐकायचं आणि दोन्हीकडची बोलणीही खायची, हे ते काम. त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं आणि २०१९ साली ते एदोगावा वॉर्डाच्या सभेवर ६,४७७ मतांनी निवडून आले. पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. नुसत्या भारतीयांच्या मतांवर हे घडणं शक्यच नव्हतं. मतदान करायला जपानी नागरिकत्व लागतं, आणि ते घेतलेले भारतीय मूठभर.

हवा सगळीकडे अशी नाही. २०२४ अखेर जपानमध्ये ३७ लाखांहून अधिक परदेशी रहिवासी होते, लोकसंख्येच्या सुमारे तीन टक्के. आपल्याला आकडा छोटा वाटेल. तिथे तो २०२५च्या निवडणुकीत प्रचाराचा मुद्दा झाला. 'जपानी प्रथम' म्हणणाऱ्या पक्षाला बऱ्यापैकी जागा मिळाल्या. ज्यांनी परदेशी शेजाऱ्याबरोबर कधी टेबल उचललेलं नाही, अशा माणसांशीही ती घोषणा बोलत होती.

[दृश्य: नोटीस बोर्ड. जपानी, इंग्रजी आणि चिनी भाषेतली पत्रकं.]

जपानला निघालेल्यांपैकी कुणी हे पाहत असेल, तर वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवताना कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते इंग्रजीतही मिळतं. वर-खालच्या घरी एकदा नाव सांगून या, मूल लहान असेल तर आवाजाबद्दल आधीच बोलून ठेवा. नोटीस बोर्डावर आवाराच्या साफसफाईची तारीख असते, बहुधा रविवारची सकाळ. हातमोजे घाला आणि खाली उतरा. जपानी येत नसलं तरी गवत उपटता येतं. आणि यागुराचे खांब कोणत्या दिवशी चढवणार, तेही तिथेच विचारून ठेवा.