धुरा नसलेल्या पाण्यात दुपारचे बारा

नमस्कार श्रोतेहो. मी वर्ध्याजवळच्या एका खेड्यातला. घरी कापूस, तूर, एक बैलजोडी. आणि मी निघालो मर्चंट नेव्हीत. पहिल्या सुट्टीत घरी आलो तर काकाजींनी ओसरीतच अडवलं. "कारे, तिथं धुरा-बांध नाही, झाड नाही, मैलाचा दगड नाही. मग वाट कशी सापडते?" म्हटलं, "काकाजी, दुपारी बाराला सूर्य पाहतो." ते हसले. "मग तं मीही कप्तानच! बैल सोडाची येळ मीही तशीच पाहतो."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सकाळपासून सूर्य चढतो, भर दुपारी सगळ्यात वर पोचतो, मग कलायला लागतो. ती सगळ्यात मोठी उंची मोजली की आपण विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत, म्हणजे आपला अक्षांश, हाती येतो. तारीख ठाऊक हवी. घड्याळ पाच-दहा मिनिटं मागंपुढं असलं तरी बिघडत नाही. आता मी माथ्यावर आलो, हे सूर्यच सांगतो. मला या रीतीत हेच फार आवडतं.

मोजायचं यंत्र म्हणजे सेक्स्टंट. धातूची कमान, दोन आरसे, एक छोटी दुर्बीण. आधी काळ्या काचा लावायच्या, नाहीतर डोळा जातो. आरसा फिरवत सूर्याची प्रतिमा खाली उतरवायची आणि क्षितिजावर टेकवायची. मग मनगट हलकेच झुलवायचं. सूर्य पाळण्यासारखा डावी-उजवीकडे झोके घेतो, आणि झोक्याच्या तळाशी त्याची खालची कड पाण्याला जेमतेम शिवली पाहिजे. थोड्या वेळानं तो पाण्यावरून वर सुटतो; स्क्रू फिरवून पुन्हा टेकवायचा. पुन्हा सुटतो, पण आता कमी. मग दोन-तीन मिनिटं जागचा हलतच नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या मजल्यावर, कुणी बोलत नाही. आणि मग ती कड हळूच पाण्यात बुडायला लागते. झाली मध्यान्ह.

पुढं आहे ती वजाबाकी. समजा अरबी समुद्रात 22 डिसेंबरला, पुढं सांगतो त्या दुरुस्त्या धरून, उंची भरली 51 अंश 34 कला. एका अंशाच्या साठ कला, पंचांगवाल्यांना माहीतच आहे. नव्वदातून ही उंची गेली की उरले 38 अंश 26 कला. सूर्य डोक्यावरून तेवढा कललेला. त्या दिवशी सूर्य स्वतः विषुववृत्ताच्या दक्षिणेला 23 अंश 26 कला असतो. तेही वजा केले की बरोबर 15 अंश उत्तर, म्हणजे जहाज साधारण गोव्याच्या दक्षिण टोकाच्या रेषेत. सूर्याच्या या अंतराला आपण क्रांती म्हणतो. जहाजावर नॉटिकल अल्मनॅक असतं, त्यात रोजची क्रांती छापलेली असते.

एक कला म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. म्हणून कलेची चूक महाग पडते. आपण टेकवतो ती सूर्याची खालची कड, हवा असतो मध्य. म्हणून सुमारे 16 कला मिळवाव्या लागतात. शिवाय डोळा पाण्यापासून 20 मीटर उंच असेल तर क्षितिज खाली दिसतं, त्याच्या 8 कला वजा. माझ्या पहिल्याच मोजणीत मी त्या 16 कला मिळवायला विसरलो आणि जहाज तीस किलोमीटर उत्तरेला नेऊन ठेवलं. म्हणजे जायचं वर्ध्याला आणि उतरायचं पुलगावला. सेकंड मेटनं, म्हणजे माझ्या वरच्या अधिकाऱ्यानं, कागद परत दिला, एवढंच म्हणाला, "पुन्हा कर." रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आज जीपीएस आहे. पण त्याच्या लहरींत ढवळाढवळ होते, हेही आता जहाजांवर सगळ्यांना माहीत आहे. सेक्स्टंटचं शिक्षण अजून चालू आहे ते उगाच नाही.

रेखांशाला मात्र चोख घड्याळ लागतं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. आपल्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंशांवर बांधलेली आणि वर्धा त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडं सूर्याचे बारा घड्याळाच्या बाराला क्वचितच वाजतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जवळपास जुळतात. फेब्रुवारीच्या मध्याला साडेबारा होतात.

एका डिसेंबरात सुट्टीवर असताना काकाजींसमोरच करून पाहिलं. सारवलेल्या अंगणात ओळंबा लावून मीटरभर काठी उभी केली, दहा-दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी चुन्याचा ठिपका. सव्वाबाराच्या आसपासचा ठिपका सगळ्यात जवळचा. सावली 97 सेंटिमीटर. टोक फिकट, पसरट. सूर्य काही टिंब नाही, त्यामुळं सेंटिमीटरभर इकडंतिकडं होतंच, आणि तेवढ्यानं गाव तीसेक किलोमीटर सरकतं. पण नशीब चांगलं होतं. हिशेब आला 20 अंश 42 कला. नकाशात वर्धा 20 अंश 45 कलांवर.

काकाजींनी विचारलं, "किती चुकलं?"

"पाच-सहा किलोमीटर."

ते गोठ्याकडं वळले. "मग चालते. आपलं वावरच आलं तेथवर."