तांबी आणि हलती फळी

पुण्याबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आणि या चित्रणात दिसणाऱ्या मैदानावर उन्हे वर येण्यापूर्वीच सामान मांडले जाते. पाण्याच्या पाइपांपासून तयार केलेले उडीचे अडथळे, वाळूच्या पिशव्यांनी दोन्ही बाजूंनी दाबून ठेवलेला कापडी बोगदा, एका रांगेत रोवलेले 12 खांब, दोन रुंद फळ्या एकमेकींना टेकवून उभी केलेली ए-फ्रेम आणि सर्वांत शेवटी दोघांनी मिळून उचलून आणलेली सीसॉची फळी. या खेळाला ॲजिलिटी म्हणतात. कुत्र्याने हे अडथळे ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळेत पार करायचे असतात, आणि सोबत धावणाऱ्या हँडलरने त्याला केवळ आवाजाने व हातापायांच्या हालचालींनी वाट दाखवायची असते. स्पर्धेत कुत्र्याला हात लावता येत नाही आणि खाऊ दाखवून पुढेही नेता येत नाही.

1978 मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात भरलेल्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षकांचे मनोरंजन व्हावे, म्हणून आयोजन समितीतील जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाच्या मदतीने हा खेळ सादर केला. घोडेस्वारीतील उड्यांच्या स्पर्धा हे त्यामागचे प्रेरणास्थान होते. 1980 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला अधिकृत मान्यता दिली. आज जगभरच्या मोठ्या स्पर्धांची चित्रणे पाहिली, तर त्यांत वाऱ्याच्या वेगाने धावणारे बॉर्डर कोली जातीचे कुत्रे अधिक दिसतात आणि हा खेळ मुळात धीट, उत्साही आणि महागड्या कुत्र्यांचाच आहे, असा ग्रह होतो. तो खरा नाही.

मैदानाच्या कडेला, सामानापासून बरीच दूर उभी असलेली ही तांबूस रंगाची देशी कुत्री म्हणजे तांबी. रस्त्यावरून घरात आलेली. तिचे शेपूट पोटाखाली गेलेले आहे, कान मागे पडलेले आहेत आणि शरीराचा सगळा भार मागच्या पायांवर आहे. तिने आत्ता दिलेली जांभई झोपेची नाही. जवळ खाऊ नसताना नाकावरून जीभ फिरवणे, डोळ्यांचे पांढरे दिसेपर्यंत तिरके पाहणे आणि अंग ओले नसताना ते झटकणे ही सगळी ताणाची चिन्हे आहेत. अशा कुत्र्याला माणसे सहसा हट्टी किंवा आळशी म्हणतात. तो शब्द आपल्या सोयीचा असतो, कारण मग पट्टा ओढायला हरकत उरत नाही.

या मैदानावर पट्टा ओढला जात नाही. नवख्या माणसाला प्रशिक्षक पहिली गोष्ट सांगतात ती हीच, आणि त्यामागे केवळ भूतदया नाही. भीतीच्या वस्तूजवळ बळाने नेऊन तिथेच धरून ठेवलेला कुत्रा काही वेळाने धडपड थांबवतो आणि पाहणाऱ्याला वाटते की त्याची भीती मोडली. प्रत्यक्षात आपल्या विरोधाचा काही उपयोग नाही एवढेच तो शिकलेला असतो, आणि पुढच्या वेळी मैदानाच्या फाटकापाशीच बसकण मारतो. उलट, नको वाटेल तेव्हा मागे फिरता येते, हे ज्या कुत्र्याला पक्के ठाऊक असते, तोच पुढे पाऊल टाकून पाहण्याचे धाडस करतो. तांबीचा पट्टा किती सैल आहे, हे या संपूर्ण चित्रणात पाहण्यासारखे आहे.

सुरुवातीच्या सकाळी तिला एकाही अडथळ्यावर नेले गेले नाही. तिला सांभाळणाऱ्या ताई मैदानाच्या कडेला चटई अंथरून बसत आणि उकडलेल्या चिकनचे, चीजचे बारीक तुकडे देत असत. खाऊ ही इथे लाच नाही, ते मोजमाप आहे. घरी आवडीने खाणारा कुत्रा मैदानावर तोच तुकडा नाकारतो किंवा बोटांसकट ओरबाडून घेतो, तेव्हा तो शिकण्याच्या स्थितीत नाही हे ओळखून अंतर वाढवायचे असते. तांबी खाऊ लागली, तशी चटई काही पावले आत सरकली. ताई तिच्यावर ओणवत नाहीत, तिच्या डोळ्यांत रोखून पाहत नाहीत. त्या एका कुशीने बसतात. मध्येच ती त्यांच्या मांडीला चिकटली, तर तिला तसे चिकटू दिले जाते. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती बळावते, हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला आहे. भीती ही भावना आहे, ती काही बक्षिसासाठी केलेली कृती नव्हे.

बोगदा तुलनेने लवकर जमला. पूर्ण ताणला तर तो 4 ते 6 मीटर लांब होतो, पण आरंभी तो दाबून एखाद्या हाताएवढा आखूड केला होता, म्हणजे आत शिरण्याआधीच पलीकडे बसलेल्या ताईंचा चेहरा दिसे. मग थोडा लांब, आणखी लांब, आणि अगदी शेवटी वळण.

सीसॉची गोष्ट वेगळी आहे, आणि तांबीसारख्या कुत्र्यांचा खरा कस इथेच लागतो. ही फळी सुमारे 3.6 मीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद असते आणि ती मध्यभागी जमिनीपासून साधारण 60 सेंटिमीटर उंचीवर तोललेली असते. कुत्रा तिच्या खालच्या टोकावरून चढतो, मध्य ओलांडतो आणि त्याच्या वजनाने समोरचे टोक खाली जाऊ लागते. ते जमिनीला टेकेपर्यंत त्याने फळी सोडायची नसते. म्हणजे पायांखालची जमीन सरकते आहे, आणि शेवटी धाडकन आवाज होणार आहे, हे दोन्ही सोसून त्याने जागेवर थांबायचे. दिवाळीच्या दिवसांत पलंगाखाली जाऊन बसणाऱ्या कुत्रीला हा आवाज काय वाटत असेल, हे निराळे सांगायला नको.

प्रशिक्षकांचे कसब असे की, त्यांनी या दोन भीती एकमेकींपासून सोडवून घेतल्या.

हलण्याची भीती फळीपासून दूर हाताळली गेली. प्लायवूडच्या या चौकोनी तुकड्याखाली मोज्यात घातलेला टेनिसचा चेंडू बांधलेला आहे, त्यामुळे तो कोणत्याही बाजूला जेमतेम दोन बोटे कलतो. तांबीने त्याकडे नुसते पाहिले तरी क्लिकरचा, म्हणजे बरोबर कृतीची खूण म्हणून दाबायच्या छोट्या डबीचा, टक आवाज होतो आणि खाऊ मिळतो. मग एक पंजा, मग दोन. चारही पाय वर येतात तेव्हा तुकडा डुगडुगतो आणि ती उडी मारून खाली उतरते. तिला कोणी थांबवत नाही. तिच्या पुन्हा वर चढण्याकडे मात्र नीट पाहावे, कारण तिला कोणीही बोलावलेले नाही.

आवाजाची भीतीही आधी दुरूनच हाताळली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक जण फळीचे टोक हाताने हलकेच जमिनीवर टेकवतो आणि लगेच इकडे चिकनचा तुकडा येतो. क्रम महत्त्वाचा आहे. आवाज आधी आणि खाऊ नंतर, तरच आवाज ही खाऊची वर्दी ठरते. उलट केले, तर खाऊ ही आवाजाची धोक्याची सूचना होऊन बसते आणि कुत्रा खाऊलाच भिऊ लागतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांवरील प्रयोगांतून सर्वांना ठाऊक झालेले हे तत्त्व प्रत्यक्ष मैदानावर मात्र घाईत हमखास उलटे होते.

यानंतरचा टप्पा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याचे चित्रण जवळजवळ न कापता ठेवले आहे. फळीचे वर असलेले टोक तांबीच्या छातीच्या उंचीला येईल, अशा बेताने खाली एक स्टूल ठेवले आहे आणि स्टुलावर घडी केलेली जाड गोधडी आहे. टोक आणि गोधडी यांच्यात काही बोटांचेच अंतर आहे. तांबीने पुढचे पंजे फळीवर ठेवून दाबले की टोक गोधडीवर बसते आणि मंद, दबका आवाज होतो. हा आवाज तिच्यावर कोणी आदळलेला नाही, तो तिने स्वतः केलेला आहे. पहिल्यांदा ती मागे हटते, दुसऱ्यांदा थबकते, आणि काही वेळाने खाऊ येण्याची वाटही न पाहता पुन्हा दाबते. गोधडीची एक घडी काढली जाते. मग दुसरी. मग रबरी चटई, आणि त्यानंतर उघडे लाकूड. एके सकाळी गोधडी फार लवकर काढली गेली आणि तांबी दूर जाऊन बसली, तेव्हा गोधडी निमूटपणे परत आली. तांबीची भीती परत आल्यावर तिला पुढे रेटण्यापेक्षा एक पायरी खाली येणे हाच वेळ वाचवण्याचा मार्ग असतो, हे उतावीळ माणसांना पटवणे कुत्र्यांना शिकवण्याहून अवघड आहे.

आता फळीच्या दोन्ही टोकांखाली बुटकी टेबले आहेत, त्यामुळे ती चालण्यापुरती सलग आणि हलण्यापुरती मोकळी आहे. तांबी चढते, मध्यावर येते, फळी दोन-तीन बोटे खाली जाते. ताई तिच्या बाजूने, तिच्याच वेगाने चालत आहेत, पुढे पळत नाहीत. पलीकडचे टेबल दर काही दिवसांनी बुटके होत जाते. ते काढून टाकले जाते त्या दिवशी फळी पूर्ण उंचीवरून खाली येते, आणि तांबी टोकाच्या रंगवलेल्या पट्ट्यात चारही पाय रोवून थांबते.

पुढे तिने इथल्याच एका मैत्रीपूर्ण स्पर्धेत सगळे अडथळे पार केले. वेळ जास्त लागला, क्रमांक आला नाही. इमारतीच्या लिफ्टमध्येही ती आता स्वतःहून शिरते, असे ताई सांगतात.

दुसऱ्या मैदानावरची फळी निराळ्या रंगाची, निराळ्या वजनाची आणि निराळ्या आवाजाची असते, आणि कुत्र्याच्या लेखी ती नवीच वस्तू असते. म्हणून तिथे जाताना गाडीच्या डिकीत पाण्याची बाटली, खाऊचा डबा आणि स्टूल यांच्यासोबत ती गोधडीही असते. तिथल्या पहिल्या सकाळी टोकाखाली पुन्हा स्टूल लागते, त्यावर गोधडीच्या सगळ्या घड्या ठेवल्या जातात, आणि तांबी पंजा टाकेपर्यंत सर्व जण थांबतात.