संत्र्यावरून संत्र्यावर: भक्ष्य पुढे, भक्षक मागे

[दृश्य: भिंगाखाली संत्र्याची साल. खळग्यांतून बारीक ठिपके सरकताहेत.]

हे ठिपके म्हणजे कोळी. घरात जाळं विणणारा कोळी नव्हे, हा माइट. आकार अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. संत्र्याची साल हेच त्यांचं घर आणि हेच अन्न. आता डावीकडून येणारा कोळी बघा, जरा भरभर चालणारा. हा सालीला तोंड लावत नाही. हा त्या पहिल्या कोळ्यांना आणि त्यांच्या अंड्यांना खातो.

दोघांना एकाच संत्र्यावर सोडलं, तर शेवट ठरलेला. भक्षक सगळं फस्त करतो आणि मग स्वतः उपाशी मरतो. रशियन शास्त्रज्ञ गॉउझ यांनी १९३४ साली पाण्यातल्या एकपेशीय जीवांमध्ये हेच दाखवलं होतं. आधी पॅरामिशियम संपलं, मागोमाग त्याला खाणारं डिडिनियम. दर तिसऱ्या दिवशी दोघांतला एकेक जीव बाहेरून आणून सोडला, तेव्हा कुठे दोघांची संख्या वरखाली होत टिकली.

बाहेरून कुणी आणून न सोडता हे जमेल का? कॅलिफोर्नियात कार्ल हफेकर यांनी त्यासाठी संत्र्यांचं रान मांडलं. त्यांचे प्रयोग १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

[दृश्य: ट्रे, वरून.]

एका ट्रेमध्ये चाळीस जागा. काही जागांवर संत्री, उरलेल्या जागांवर त्याच आकाराचे रबरी चेंडू. चेंडू म्हणजे ओसाड जमीन, तिथे खायला काही नाही. संत्रंही पूर्ण उघडं नाही. त्यावर कागद आणि मेण, सालीचा ठरावीक भागच मोकळा. मोठ्या मांडणीत तर जेमतेम विसावा भाग. संत्री सुकतात, म्हणून ती अधूनमधून बदलत राहायची.

आधी संत्री चेंडूंमध्ये विखरून पाहिली. भक्षकाला शोधायला वेळ लागला खरा, पण त्याने गाठलंच. नुसतं अंतर वाढवून भागत नाही, कारण वाट दोघांनाही सारखीच मोकळी असते.

मग युक्ती केली ती दोघांच्या चालीतल्या फरकावर. ट्रेमध्ये व्हॅसलिनच्या रेघा ओढल्या. चालत येणाऱ्याला त्या ओलांडता येत नाहीत, वळसा घालावा लागतो. आणि जागोजागी लाकडाच्या बारीक काड्या उभ्या केल्या.

[दृश्य: काडीचं टोक, जवळून. कोळी धाग्यासह सुटतो.]

हे नीट पाहा. भक्ष्य कोळी काडीच्या टोकावर चढतो, रेशमी धागा सोडतो, आणि पंख्याच्या वाऱ्यावर तरंगत रेघेपलीकडे उतरतो. भक्षकाला हे जमत नाही, त्याला पायीच यायचं असतं. तो पोहोचेपर्यंत नव्या संत्र्यावर अंडी घालून झालेली असतात, आणि तिथले काही जण पुढच्या काडीवर चढलेले असतात.

एकेका संत्र्यावर शेवट तोच, सगळे खलास. पण ही संत्री एकाच वेळी रिकामी होत नाहीत. इथे भक्षक उपाशी मरताहेत, तिथे भक्ष्याची वाढ जोरात आहे. सगळ्या ट्रेंची बेरीज केली की आलेखावर लाट दिसते. आधी भक्ष्य चढतं, थोड्या उशिराने भक्षक, मग दोघंही उतरतात. अशा तीन लाटा मिळाल्या. भक्षकाची वाट अगदी सोपी केली, तर सगळी संत्री एकदमच रिकामी होण्याचा धोका असतो. भक्ष्याचीच वाट बंद केली, तर रिकाम्या संत्र्यावर परत कुणी येतच नाही.

[दृश्य: गुलाबाचं पॉलीहाऊस. पान उलटून दाखवणारा हात, दहापट भिंग.]

मावळातल्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये लाल कोळी, म्हणजे गुलाबाची पानं खाणारा माइट, ज्यांना छळतो, त्यांना हा हिशेब रोज कामाचा आहे. मित्र कोळी, म्हणजे लाल कोळ्याला खाणारे भक्षक, सोडायचे असतील तर पानांवर जाळी धरण्याआधी, ठिपके दिसायला लागताच सोडा. ते पानाला लागलेल्या पानावरून चालत जातात. दोन बेडमधली मोकळी वाट त्यांच्यासाठी व्हॅसलिनची रेघच. म्हणून एका कोपऱ्यात सगळे ओतू नका, लागण असलेल्या प्रत्येक बेडवर सोडा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाचा फवारा मारलात, तर आधी मित्रच मरतात आणि लाल कोळी दुपटीने उसळतो.

आणि लाल कोळ्याच्या काड्या कोणत्या? वारा, आणि काम करणाऱ्याचे कपडे. त्यामुळे तोडणी स्वच्छ बेडपासून सुरू करायची, लागण झालेला बेड सगळ्यात शेवटी.