आधी वागळे इस्टेट, मग मॉरिशस

(दृश्य: ठाण्यातल्या एका शाळेचा हॉल. रात्रीची वेळ. जमिनीवर लेझीम, हलगी, ढोलकी, घुंगरांच्या पिशव्या. मधोमध वजनकाटा.)

निवेदन:
परीक्षा नुकतीच संपली आहे. बाकीचे मित्र गावी गेलेत, आणि ही मुलं रात्री अकरा वाजता लेझीम काट्यावर ठेवून बघतायत. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, तिच्यात ओवलेल्या चकत्या. एक हातात घेतलं तर काहीच वाटत नाही. वीस एकत्र ठेवली की काटा सरकतच जातो. विमान कंपनी ठरलेल्या वजनापेक्षा जास्त सामान फुकट नेऊ देणार नाही. शेवटी ठरतं: लेझीम दोनच न्यायची, नमुन्यापुरती. बाकीचं तिथे गेल्यावर बघू.

मुक्काम मॉरिशसचा. मुंबईहून विमानाने साधारण सहा तास. तिथल्या एका गावात, शाळा सुटल्यावर, मुलांना नाटक, ताल आणि नाच शिकवायला ही मंडळी निघाली आहेत. ठाण्याच्या वेगवेगळ्या कॉलेजांत शिकणारी. कुणी एकांकिका स्पर्धांत प्रकाशयोजना केली आहे, कुणी युवा महोत्सवात लोकनृत्य बसवलं आहे. ढोलकी वाजवणाऱ्याचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, गाव साताऱ्याकडचं. नाच शिकवणारी मुलगी मूळची चिपळूणजवळची. मानधन कुणालाच नाही. तिकिटाचे पैसे लग्नसराईत आणि गणपतीत कार्यक्रम करून जमवलेले, राहायची सोय बोलावणाऱ्या कुटुंबांकडे.

(दृश्य: तलावपाळी, संध्याकाळ. मागे गडकरी रंगायतन.)

निवेदन:
कलेचं शिक्षण घेणाऱ्या तरुणांनी दुसऱ्या देशातल्या मुलांपर्यंत जावं, ही कल्पना नवी नाही. 1993 मध्ये बार्सिलोनाचा एक विदूषक क्रोएशियातल्या निर्वासितांच्या छावणीत मुलांसमोर खेळ करायला गेला, आणि त्यातून सीमा न मानणाऱ्या विदूषकांची एक चळवळच उभी राहिली. न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड या कलाशाळेतले विद्यार्थी तामिळनाडूतल्या शांती भवन या निवासी शाळेत गरीब घरांतल्या मुलांना संगीत, नृत्य, नाटक शिकवायला येत राहिले. आपल्याकडे सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि 1959 मध्ये त्यांनी मुंबईत लिटल थिएटर सुरू केलं. शिकणं-शिकवणं समुद्र ओलांडून दोन्ही दिशांनी चालत आलं आहे.

ठाण्यापुरतं बोलायचं, तर इथे पाया आधीच घातलेला होता. नाटककार रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर इथे 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्तीतल्या मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घ्यायचे, नाटक स्वतः रचायचं आणि मोठ्या रंगमंचावर स्वतःच करायचं. मूल म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली वाक्यं पाठ करून म्हणणारं बाहुलं नव्हे, हे त्या कामाने या शहराला दाखवून दिलं.

म्हणूनच या गटाचा एक नियम आहे, आणि तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. परदेशी जायचं असेल, तर आधी वर्षभर ठाण्यातल्याच वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीजवळच्या वस्तीतल्या वर्गावर शिकवायचं. सुट्टी न मारता.

(दृश्य: वस्तीतल्या समाजमंदिराची खोली. फक्त पाय आणि हात दिसतात.)

निवेदन:
या फिल्ममध्ये मुलांचे चेहरे दिसत नाहीत. ते आम्ही मुद्दाम टाळलं आहे. मदत करणाऱ्याच्या फोटोत गरिबाचं मूल शोभेसाठी उभं करायची एक वाईट सवय जगभर पडली आहे. या गटात ती चालत नाही. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, एकट्या मुलाला घेऊन खोलीत बसायचं नाही, वर्गाचं दार कायम उघडं ठेवायचं.

आता या पायांकडे बघा. ताल पायांनी धरला आहे, टाळ्या नाहीत. याला कारण आहे. या वर्गाला येणाऱ्या कितीतरी मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येतात. आई घरकामाला गेलेली, बाबा मजुरीसाठी नाक्यावर. भावंडाला खाली ठेवावं तर ते रडतं, घरी ठेवावं तर बघायला कुणी नाही. कॉलेजात शिकलेले नाटकाचे सगळे खेळ टाळ्यांचे, चेंडू झेलायचे, हात धरून गोल फिरायचे. पहिल्या दिवशी या मुली भिंतीला टेकून नुसत्या बघत राहिल्या. मग ढोलकीवाल्याने खेळच बदलला. पायाने एक ठोका, दोन ठोके, टाच, चवडा. कडेवरचं बाळ त्या हेलकाव्याने झोपी जातं, आणि त्याची ताई वर्गात असते. नाट्यशिक्षणाच्या कुठल्याही व्याख्यानात हे ऐकायला मिळालं नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं 31 वं कलम सांगतं की खेळणं, विश्रांती आणि कलेत भाग घेणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. भारताने 1992 मध्ये हा करार मान्य केला. या खोलीत तो हक्क आठवड्यातून एकदा, दोन तासांसाठी वसूल होतो.

(दृश्य: उसाची शेतं, मागे काळे डोंगर. मॉरिशसमधलं गाव.)

निवेदन:
मे महिना. ठाण्यात घामाच्या धारा, इथे हिवाळ्याची चाहूल. 1834 पासून 1920 पर्यंत भारतातून साधारण साडेचार लाख करारबद्ध मजूर या बेटावर आणले गेले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. त्यांतले कितीतरी लोक मुंबई बंदरातून आलेले, कोकणातले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरात आज क्रिओल ही इथली भाषा बोलतात. मराठी भाषा शाळेत विषय म्हणून शिकतात. गणेश चतुर्थीला मात्र सगळ्या देशाला सुट्टी असते.

चिपळूणच्या मुलीने इथल्यासाठी जाखडी, कोकणातला लोकनाच, बसवायचं ठरवलं होतं. गाणी लिहून आणली होती, पायात बांधायचे चाळ आणले होते. पहिल्याच संध्याकाळी तिने पहिलं पाऊल करून दाखवलं, आणि मुलं तिच्याआधीच पुढच्या पावलावर गेली. त्यांना ते येत होतं. इथे ते झाकरी म्हणून नाचतात, गणपतीत, पणजोबांपासून. कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या आजोबांनी हातानेच खूण केली: इतक्या घाईने नको, अजून खाली वाक, गुडघा मोड. मुंबई-ठाण्याच्या स्पर्धांत जाखडी वेगवान झाली आहे. आजोबांकडे ती संथ आहे, जमिनीला धरून.

त्या रात्री गटाने वेळापत्रक बदललं. झाकरी शिकवायची नाही, आजोबांकडून शिकायची आणि रेकॉर्ड करून ठेवायची. मुलांना द्यायचं ते जे त्यांच्याकडे नाही: गोष्टीतून नाटक कसं उभं करायचं, प्रसंग कसा रचायचा, एकाच वाक्याचे पाच अर्थ आवाजाने कसे काढायचे.

शिकवायला जाणाऱ्याने समोरच्याकडे काय आहे हे आधी विचारावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. हे प्रत्येक ठिकाणी होत नाही. पुष्कळ गट बसवलेला कार्यक्रम घेऊन जातात, करतात, हार घालून घेतात आणि परततात.

(दृश्य: अंगणात छोटी शेकोटी. एका हाताने वाद्य आगीवर फिरवलं जातंय.)

निवेदन:
हे रावान. बकऱ्याच्या चामड्याचं, मोठ्या डफासारखं वाद्य. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी या बेटावर ज्या सेगा संगीताला जन्म दिला, त्याचा हा आधार. 2014 मध्ये सेगाला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. वाजवण्याआधी रावान आगीवर शेकतात, म्हणजे चामडं ताणलं जातं आणि आवाज मोकळा होतो. ढोलकीवाला ते बघून पुढे सरकला. त्याच्या गावी चामड्याची हलगी अशीच पालापाचोळ्याच्या जाळावर तापवतात. त्याने येताना फायबरची हलगी आणली होती, तिला शेकावं लागत नाही. पण किती अंतरावर धरायचं, बोटाने टिचकी मारून कधी थांबायचं, हे त्याला ठाऊक होतं. रावानवाल्या काकांनी वाद्य त्याच्या हाती दिलं. पुढचा तासभर दोघांत भाषा अशी एकच होती, ठोक्यांची. मुलं त्या ठोक्यांना धरून पायाने ताल देत होती: टाच, चवडा, टाच. वागळे इस्टेटचाच खेळ.

आणि लेझीमचं काय झालं? गावातल्या मराठीच्या शिक्षिकाबाईंनी तो प्रश्न सोडवला. बांबूची कांडकी, तार, आणि शीतपेयांच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं, मधोमध भोक पाडून ओवलेली. झणत्कार खऱ्या लेझीमइतका नाही. पण प्रत्येक मुलाकडे स्वतःचं आहे, आणि मोडलं तर ते स्वतःच दुरुस्त करतं.

(दृश्य: शिक्षिकाबाई वही उघडतात. फक्त हात आणि पानं.)

निवेदन:
परकी ताई-दादा काही आठवडे येतात, जीव लावतात, निघून जातात. मागे राहिलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न अशा प्रत्येक उपक्रमाला विचारायलाच हवा. या गटाने निम्मा वेळ मुलांबरोबर आणि निम्मा शिक्षिकाबाईंबरोबर घालवला. शेवटच्या आठवड्यात वर्ग बाईंनी घेतला आणि ठाण्याची मुलं मागे बसली. बाईंनी एकच गोष्ट मागितली: खेळ ओळीने लिहून द्या, कुठल्या खेळानंतर कुठला आणि का.

ती वही आता दोन ठिकाणी भरली जाते. ठाण्यातून आणि तिथून. दोन्हीकडच्या घड्याळांत दीड तासाचा फरक आहे, म्हणून व्हिडिओ कॉल ठाण्याच्या रात्री आठला लागतो, तिथे साडेसहा वाजलेले असतात. बाई एखादा खेळ चालला नाही असं सांगतात, मग त्यावर काट मारली जाते. त्यांनी स्वतः रचलेले खेळ वागळे इस्टेटच्या वर्गात करून बघितले जातात.

पुढच्या वर्षीच्या गटासाठी नावं घेणं सुरू झालं आहे. नाव देणाऱ्याला आधी पत्ता दिला जातो, समाजमंदिराचा. वर्ग शनिवारी चार वाजता भरतो.